शिबिराचा एक दिवस कान्हेरीला

पालकहो, उन्हाळी शिबिर म्हणजे हॉलमध्ये बसवून भाषणे ऐकवणे नव्हे. गेल्या मे महिन्यात आम्ही चाळीस मुले घेऊन बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी गाठली. "उन्हात मुलीला पाठवणार नाही," म्हणणाऱ्या एका आईलाच सोबत घेतले.

लेणी शंभराहून अधिक. सगळी पाहण्याचा हट्ट नको. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह पाहिले. पण मुले रमली ती पाण्याच्या टाक्यांपाशी. कातळात कोरलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी टाक्यांत उतरते. एकाने विचारले, "हे पाणी कुणीही प्यायचे?" मग १९२७ सालच्या महाडच्या चवदार तळ्याची हकिगत तिथेच, टाक्याच्या काठावर सांगितली.

सोमवारी उद्यान बंद असते. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे.

खाली उतरायला सर्वांत उशीर त्या आईनेच केला.