लाईट गेल्यावरची चाचणी

सकाळी साडेसहा
रात्रभर पाऊस धरून होता. आधी तेरेखोलचं पाणी कुठवर आलंय ते विचारायचं, मग नोड बघायचे. बांद्याच्या बाजारपेठेत पाणी शिरायची चिन्हं दिसली की दुकानदार खालचा माल माळ्यावर टाकतात. आमचा एक नोड अशाच एका दुकानात आहे, मालाबरोबर तोही वर जातो. बाकीचे सावंतवाडी, म्हापसा आणि पुण्यात, मित्रांच्या घरचे जुने संगणक. सगळ्यांनी मिळून वेबसाइटी सांभाळायच्या, एकाच कंपनीच्या सर्व्हरवर विसंबायचं नाही, एवढाच आमचा उद्योग.

साडेनऊ
एका दशावतारी मंडळाच्या साइटवर बुकिंगचा फोन नंबर बदलायचा होता. पण आमच्याकडे फाईलचा पत्ता तिच्या मजकुरावरूनच निघतो, एसएचए-२५६ लावून. २०१५ साली आलेल्या आयपीएफएसचीही हीच रीत. एक आकडा बदलला की पत्ताच बदलतो. म्हणून मंडळाच्या नावाची पाटी वेगळी ठेवावी लागते. मंडळाच्या गुप्त किल्लीने सही झालेली ती पाटी ताज्या पत्त्याकडे बोट दाखवते. सावंतवाडीने नवी पाटी लगेच उचलली. पुण्यात तासभर जुनाच नंबर दिसत होता, कारण तिथे पाटी जपून ठेवायची मुदत जास्त होती. कमी केली. आता विचारणा वाढणार, पण चुकीचा नंबर दाखवण्यापेक्षा ते परवडलं.

अकरा
लाईट गेली. आई आतून म्हणाली, "झिला, लाईट येईसर पेज जेवून घे." उकड्या तांदळाची पेज आणि आंब्याचं लोणचं समोर, लॅपटॉप मांडीवर. मी या घटकेची वाटच बघत होतो.

रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीने आम्ही प्रत्येक फाईलचे १० तुकडे करतो. त्यांतले कोणतेही ६ हाती लागले की फाईल पुरी उभी राहते. चार ठिकाणी चार पूर्ण प्रती ठेवण्यापेक्षा जागा निम्म्याहून कमी लागते. खरी मेख वाटणीत आहे. बांदा आणि सावंतवाडीची लाईट पुष्कळदा एकदमच जाते, म्हणून या दोघांना दोन-दोन तुकडे, म्हापसा-पुण्याला तीन-तीन. आज दोन्हीकडे अंधार होता. उरलेल्या ६ तुकड्यांवर मंडळाची साइट उघडली, फोटोंसकट. वाटणी करताना नुसता नकाशा बघून भागत नाही, विजेच्या तारा कुठून कुठे जातात तेही माहीत असावं लागतं.

दुपारी तीन
लाईट आली. मोबाइल नेटवरून मात्र म्हापशाचा नोड सापडेना. मोबाइल कंपन्या एकच जाहीर आयपी पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटतात, त्यामुळे आतल्या संगणकाला बाहेरून हाक मारता येत नाही. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दार ढकलायची युक्ती आहे, ती कधी चालते, कधी नाही. आज नाही चालली. आयपीव्ही६ वर जोडणी बसली, पण ते सगळीकडे मिळतंच असं नाही.

रात्री नऊ
माहितीपत्रकाचा मसुदा वाचला. त्यातले 'संपूर्ण विकेंद्रित' हे शब्द खोडले. जिथे थेट जोडणी बसत नाही, तिथे मध्यस्थ म्हणून भाड्याचा एक सर्व्हर अजून चालू आहे. त्याचं बिल दर महिन्याला येतं, आणि तो बंद पडला तर निम्म्या गिऱ्हाइकांना साइट दिसणार नाही.