हॉर्सरॅडिशचा झणका येतो कुठून?

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, शार्प्सबर्ग गावी हेन्री हाइन्झ यांनी १८६९ मध्ये धंदा सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडे टोमॅटो केचप नव्हतं. त्यांचा पहिला माल होता किसलेलं हॉर्सरॅडिश, तेही पारदर्शक काचेच्या बाटलीत. त्या काळी बरेच विक्रेते रंगीत काच वापरत, कारण आत सलगमाचा कीस मिसळलेला असे. गिऱ्हाइकाने माल डोळ्यांनी पाहून घ्यावा, यावर हाइन्झ यांचा भर होता.

हॉर्सरॅडिश हे मोहरीच्या कुळातलं, वर्षानुवर्षं टिकणारं रोप. पानं लांबरुंद, मूळ जाड, बाहेरून मातकट आणि आतून पांढरं. जर्मनीत बव्हेरियातलं बायर्सडॉर्फ आणि अमेरिकेत इलिनॉयमधलं कॉलिन्सव्हिल ही गावं त्याच्यासाठी प्रसिद्ध आहेत. इंग्लंडमध्ये ते रोस्ट बीफबरोबर वाढतात, पोलंडमध्ये ईस्टरच्या टोपलीत ठेवतात आणि अनेक ज्यू घरांत पेसाहच्या ताटात ते कडू भाजी म्हणून असतं. परसात लावायला सोपं आणि घरी करायला त्याहून सोपं. तरीही त्याच्याबद्दल चुकीच्या समजुती पुष्कळ आहेत.

गैरसमज : हे मूळ मुळातच जहाल असतं.

वस्तुस्थिती : अख्खं मूळ नाकाशी धरलं तर वास जवळजवळ येतच नाही. त्याच्या पेशींत सिनिग्रिन नावाचं संयुग असतं आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम त्याच्यापासून वेगळं साठवलेलं असतं. किसणीवर पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून अलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं. नाकात जातो तो झणका याचाच. म्हणजे तो मुळात साठवलेला नसतो, किसताना जन्माला येतो.

हीच क्रिया मराठी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लोणच्यासाठी किंवा काकडीच्या कोशिंबिरीसाठी मोहरी पाणी घालून फेसतात, तेव्हा कोरडी असताना गप्प असलेली तीच मोहरी नाकात चढते. फोडणीत मात्र ती तडतडते, खमंग होते, पण नाकाला झोंबत नाही. कढत तेलात एन्झाइम निकामी झालेलं असतं. हॉर्सरॅडिशचंही तसंच. उकळत्या रश्श्यात टाकलं तर त्याचा जोर जातो. म्हणून ते भांडं आचेवरून उतरवल्यावर घालतात किंवा कच्चंच ताटात वाढतात.

गैरसमज : ते मिरचीसारखंच तिखट असतं.

वस्तुस्थिती : मिरचीतलं कॅप्सेसिन सहज उडून जात नाही. ते जिभेवर नि ओठांवर रेंगाळतं आणि पाण्याने धुतलंही जात नाही. हॉर्सरॅडिशमधलं संयुग हवेत चटकन उडतं. घास तोंडात गेला की ते घशामागून नाकात शिरतं, डोळ्यांत पाणी आणतं आणि थोड्या वेळात ओसरतं. वासाबीच्या झणक्यामागेही हेच संयुग आहे. झोपलेल्या माणसाला जागं करण्यासाठी हवेत वासाबी किती असावी, हे शोधून त्यावर आगीची सूचना देणारं यंत्र बनवणाऱ्या जपानी संशोधकांना २०११ मध्ये रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं होतं. घरी किसताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मिक्सरचं झाकण उघडताना तोंड बाजूला घ्यावं, ते याच कारणासाठी.

गैरसमज : व्हिनेगरमुळे ते झोंबतं.

वस्तुस्थिती : नेमकं उलटं आहे. व्हिनेगरचं आम्ल एन्झाइमचं काम थांबवतं. त्यामुळे व्हिनेगर कधी घालायचं, यावर सगळा खेळ आहे. सौम्य चव हवी असेल तर किसल्याबरोबर लगेच घालावं. जहाल हवं असेल तर सुमारे तीन मिनिटं थांबून घालावं. तोवर झणका वाढत जातो आणि आम्ल पडलं की आहे त्या पातळीवर थांबतो. व्हिनेगर घालायचंच राहिलं, तर तो उडून जातो आणि नुसता चोथा उरतो.

कृती छोटी आहे. मूळ घासून धुवावं, साल काढावी, तुकडे करून थोड्या गार पाण्याबरोबर मिक्सरमध्ये बारीक करावेत. एक कप किसाला दोन ते तीन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर आणि अर्धा छोटा चमचा मीठ पुरतं. सफरचंदाच्या व्हिनेगरने रंग लवकर काळपट होतो.

गैरसमज : बी पेरलं, पाणी घातलं की झालं.

वस्तुस्थिती : या रोपाला उगवणारं बी क्वचितच धरतं. लागवड होते ती मुळांच्या तुकड्यांनी. शरद ऋतूत मुख्य मूळ खणून काढताना पेन्सिलीएवढ्या जाडीची बाजूची मुळं वेगळी करतात. त्यांचे साधारण २० ते ३० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून वरचं टोक सरळ आणि खालचं तिरकं कापतात, म्हणजे वसंतात लावताना वरची बाजू ओळखता येते. हिवाळाभर ते ओलसर वाळूत थंड जागी राहतात. लावताना तुकडा जमिनीत तिरपा ठेवतात.

खरी मेहनत उन्हाळ्यात असते. पानं वीतभर वाढली की रोपाच्या डोक्याजवळची माती हलक्या हाताने दूर करायची, एक-दोन जोमदार कोंब ठेवून बाकीचे काढायचे, मुळाच्या वरच्या भागाला फुटलेली बारीक मुळं चोळून टाकायची, खालची तशीच ठेवायची आणि माती परत ओढायची. काही आठवड्यांनी हेच पुन्हा एकदा. एवढं केलं तर जाड, सरळ, सोलायला सोपं मूळ मिळतं. नाही केलं तर हाती लागतो तो फाटे फुटलेला गुंता.

या रोपाला कडक हिवाळ्याची विश्रांती लागते. त्यामुळे महाराष्ट्राच्या उष्ण हवेत ते नीट पोसत नाही. न्यू जर्सी, इंग्लंड, जर्मनी अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी घरांच्या परसात मात्र ते आनंदाने वाढेल.

गैरसमज : नकोसं झालं की उपटून टाकता येतं.

वस्तुस्थिती : जमिनीत राहिलेल्या बोटभर तुकड्यातूनही नवं रोप उभं राहतं. फावड्याने वा नांगराने मुळं तुटली तर ती आणखी पसरतात. म्हणून जाणते बागवान त्याला वाफ्याचा एखादा कोपरा कायमचा देतात, नाहीतर बूड नसलेल्या पिंपात किंवा खोल कुंडीत लावतात.

गैरसमज : लाल आणि हिरवं हॉर्सरॅडिश या वेगळ्या जाती आहेत.

वस्तुस्थिती : लाल रंग बिटाचा असतो, पूर्व युरोपात कीस आणि बीट एकत्र करण्याची जुनी रीत आहे. सुशीबरोबर मिळणारी हिरवी पेस्ट बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण असते. खरी वासाबी ही वेगळी वनस्पती. ती जपानमध्ये थंड वाहत्या पाण्यात वाढते आणि चांगलीच महाग असते.

गैरसमज : शेवगा म्हणजेच हॉर्सरॅडिश.

वस्तुस्थिती : भारतात राहणारे इंग्रज शेवग्याचं मूळ किसून हॉर्सरॅडिशऐवजी खात, म्हणून इंग्रजीत शेवग्याला हॉर्सरॅडिश ट्री हे नाव पडलं. दोन्ही वनस्पती दूरच्या नात्यातल्या आहेत आणि चवीत साम्यही आहे. पण पाककृतीत एकीच्या जागी दुसरी घालणं धोक्याचं आहे. शेवग्याच्या मुळात, विशेषतः मुळाच्या सालीत, अपायकारक अल्कलॉइड असतात. शेंगा, पाला आणि फुलं खुशाल खावीत. मूळ खाऊ नये, गर्भवती स्त्रियांनी तर मुळीच नाही.

गैरसमज : घरची बरणी वर्षभर टिकते.

वस्तुस्थिती : व्हिनेगर आणि मीठ असूनही झणका हळूहळू कमी होतो आणि कीस तपकिरी पडत जातो. घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये, चार ते सहा आठवडे चव चांगली राहते. त्यामुळे एकदम सगळी मुळं किसण्यापेक्षा लागेल तेवढंच करावं. उरलेली जाड मुळं न धुता पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि बारीक मुळं वाळूत जपून वसंतात पुन्हा लावावीत.