हरिहरेश्वराहून दिसणारी दीर्घिका

मेच्या सुरुवातीला, रात्री अकराच्या सुमारास हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे पाहावे. क्षितिजापासून साधारण 29 अंश वर, नरतुरंग तारकासमूहात, दुर्बिणीतून एक धूसर ठिपका दिसतो. ही सेंटॉरस ए, सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास असलेली सक्रिय दीर्घिका. तिच्या केंद्रातले कृष्णविवर आजही वायू गिळते आहे.

तिथले तारे कधी जन्मले? निळे, तप्त तारे काही कोटी वर्षांत संपतात, पिवळे-तांबूस अब्जावधी वर्षे टिकतात. वर्णपटात कोणाचा वाटा किती, त्यावरून जन्मकाळ कळतो. इथे बहुतेक तारे म्हातारे आहेत. मधल्या धुळीच्या पट्ट्यात मात्र कोवळे निळे तारे आहेत. पूर्वी दुसरी दीर्घिका हिच्यात विलीन झाली, त्याची ती खूण.

खरी पंचाईत अशा दीर्घिकांच्या केंद्रापाशी होते. कृष्णविवराभोवतीची तप्त तबकडीही अनेकदा निळीच चमकते, तरुण ताऱ्यांचा भास निर्माण करते. तिचा प्रकाश वजा करणे हे मला या शास्त्रातले सर्वांत नाजूक काम वाटते.

नव्या ताऱ्यांचा कच्चा माल अर्थात हायड्रोजन. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला हायड्रोजन मोजला, ते 2020मध्ये प्रसिद्ध झाले. नवा वायू मिळाला नसता तर तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता.