पिलांच्या चोचीतला किडा आणि गेमकीपरचे शिक्षण

ब्रिटनमध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी शालान्त परीक्षा संपली की सर्वच विद्यार्थी विद्यापीठाच्या वाटेला लागत नाहीत. काही जण शेती आणि भूव्यवस्थापन शिकवणाऱ्या व्यवसाय महाविद्यालयांत प्रवेश घेतात. तेथे ग्रामीण परिसराचे व्यवस्थापन, अधिवास संवर्धन आणि गेमकीपिंग, म्हणजे शिकारयोग्य पक्ष्यांची व त्यांच्या अधिवासाची निगा, असे अभ्यासक्रम चालतात. इंग्लंडमधील विंचेस्टरजवळचे स्पार्शोल्ट महाविद्यालय या शिक्षणासाठी परिचित आहे. स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला, थर्सो येथेही गेमकीपिंग शिकवले जाते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे हा विषय भारतीय वाचकाला दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, तणनाशक, कीटक आणि पक्षी यांच्यातील नाते उलगडणारे एक महत्त्वाचे संशोधन याच व्यवसायाच्या आश्रयाने झाले. त्याचे निष्कर्ष शेतापर्यंत नेण्याचे कामही बऱ्याच अंशी याच व्यवसायातील प्रशिक्षित माणसांनी केले. विस्तार कार्यकर्त्यांच्या दृष्टीने या शिक्षणाचे खरे महत्त्व येथे आहे.

व्यवसायाची पार्श्वभूमी

गेमकीपर हा जमीनदाराच्या इस्टेटीवरील पगारी नोकर. पार्ट्रिज, फेझंट आणि ग्राऊस या पक्ष्यांची संख्या शिकारीच्या हंगामापर्यंत टिकवून ठेवणे हे त्याचे काम. पार्ट्रिजचा हंगाम १ सप्टेंबरला, तर फेझंटचा १ ऑक्टोबरला सुरू होतो. दोन्ही १ फेब्रुवारीला संपतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये वीस हजारांहून अधिक गेमकीपर होते. पहिल्या महायुद्धानंतर इस्टेटी मोडत गेल्या आणि ही संख्या झपाट्याने घटली. आज पूर्णवेळ गेमकीपर काही हजारच उरले आहेत.

जुन्या काळातील गेमकीपरचे ज्ञान अनुभवातून आलेले होते, पण ते एकांगी होते. चोच वाकडी असलेला प्रत्येक पक्षी त्याला शत्रू वाटे. रेड काइट हा शिकारी पक्षी इंग्लंड आणि स्कॉटलंडमधून नाहीसा होण्यामागे या छळाचा मोठा वाटा होता. पुढे त्याचे पुनर्वसन करावे लागले. त्यामुळे आजच्या अभ्यासक्रमात पक्ष्यांची ओळख आणि वन्यजीवविषयक कायदे यांना मिळालेले स्थान केवळ औपचारिक नाही.

पिले का दगावली?

ग्रे पार्ट्रिज हा तितराच्या कुळातील पक्षी युरोपातील धान्यशेतीचा जुना सोबती. मादी जमिनीवरील घरट्यात सरासरी १५ अंडी घालते. इतकी अंडी एका वेळी घालणारे पक्षी जगात फार थोडे आहेत. असे असूनही १९६७ नंतर ब्रिटनमधील या पक्ष्याची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. आरंभी शिकार, थंडी, रोग अशा अनेक कारणांकडे बोट दाखवले गेले.

डॉ. डिक पॉट्स यांनी १९६८ मध्ये ससेक्स परगण्यातील सुमारे ६२ चौरस किलोमीटर शेतीक्षेत्रावर दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. १९७० पासून तेथे दरवर्षी जून महिन्यात धान्यपिकांतील कीटकांचे नमुने शोषक यंत्राने गोळा केले जातात. त्याच शेतांतील तण, पीक आणि फवारणीच्या नोंदीही ठेवल्या जातात. पॉट्स यांचे २०१७ मध्ये निधन झाले, परंतु हा अभ्यास चालूच आहे. शेतातील कीटकांची इतकी सलग नोंद जगात क्वचितच आढळते.

या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष साधा, पण दूरगामी होता. पार्ट्रिजची पिले अंड्यातून बाहेर पडताच घरटे सोडतात आणि आपले अन्न आपणच टिपतात. प्रौढ पक्षी मुख्यतः पाने आणि दाणे खातो. पिलांना मात्र पहिले सुमारे दोन आठवडे प्रथिनयुक्त कीटकच लागतात. करवती माशीच्या अळ्या, पतंगांच्या अळ्या, पानांवरचे भुंगेरे, वनस्पतींवरील ढेकूण आणि मावा हा त्यांचा आहार. यांपैकी बरेच कीटक पिकावर नव्हे, तर पिकातील रुंद पानांच्या तणांवर जगतात. नॉटग्रास नावाच्या तणावर वाढणारा भुंगेरा हे त्याचे ठळक उदाहरण. १९५० च्या दशकात तणनाशकांचा वापर सर्वत्र पसरला, तणे गेली आणि त्यांच्यासोबत हे कीटकही गेले. पिलांच्या जगण्याचे प्रमाण सरासरी ४५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या खाली घसरले.

यातील लक्षात घेण्याजोगी बाब ही, की तणनाशकाने एकही पिलू विषबाधेने मारले नव्हते. पिलू उपाशी मेले होते. मृत पक्ष्याच्या शरीरात रसायनाचा अंश शोधणाऱ्याला हे कारण कधीच सापडले नसते. ते सापडण्यासाठी तणापासून अळीपर्यंत आणि अळीपासून चोचीपर्यंतची साखळी तपासावी लागली.

करवती माशीची कथाही बोधप्रद आहे. तिची अळी पूर्ण वाढल्यावर जमिनीत उतरते आणि पुढील हंगामापर्यंत तेथेच राहते. पूर्वी धान्यपिकातच गवत आणि क्लोव्हर पेरण्याची पद्धत होती. कापणीनंतर ते गवत उभे राही आणि नांगर चालत नसे, म्हणून अळ्या सुरक्षित राहत. ही पद्धत मागे पडून कापणीनंतर लगेच नांगरट होऊ लागली, तेव्हा फवारणी न केलेल्या शेतांतही करवती माशी कमी झाली. कीटकांच्या ऱ्हासाला केवळ रसायन नव्हे, तर मशागतीचे वेळापत्रकही कारणीभूत ठरते, हे यातून स्पष्ट झाले.

कडेचा पट्टा आणि भुंगेऱ्यांचा बांध

निदानानंतर उपायांचा शोध सुरू झाला. १९८० च्या दशकात गेम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी धान्यशेताच्या कडेचा सुमारे ६ मीटर रुंदीचा पट्टा वेगळ्या रीतीने हाताळण्याची पद्धत विकसित केली. या पट्ट्यात रुंद पानांची तणे सरसकट मारणारी तणनाशके आणि उन्हाळ्यातील कीटकनाशके टाळली जातात. पिकाला खरोखर उपद्रवी ठरणाऱ्या मोजक्या तणांचा निवडक बंदोबस्त मात्र करता येतो. पार्ट्रिज बहुधा शेताच्या कडेलाच पिलांना घेऊन फिरतात, म्हणून एवढ्या अरुंद पट्ट्याचाही उपयोग झाला. अशा कडा राखलेल्या शेतांत पिलांच्या थव्यांचा आकार मोठा आढळला.

दुसरा उपाय म्हणजे भुंगेऱ्यांचा बांध. मोठ्या शेतात माव्याला खाणारे जमिनीवरचे भुंगेरे आणि कोळी हिवाळा कडेच्या गवतात काढतात. वसंतात ते शेताच्या मध्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मावा वाढलेला असतो. यावर तोड म्हणून शेताच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी नांगराने माती ओढून, सुमारे ४० सेंटिमीटर उंच आणि दीड मीटर रुंद वरंबा तयार केला गेला. त्यावर झुबक्याने वाढणारे कॉक्सफूटसारखे गवत पेरण्यात आले. वरंब्याची दोन्ही टोके मोकळी ठेवल्याने ट्रॅक्टर अडत नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठ आणि गेम कॉन्झर्व्हन्सी यांच्या प्रयोगांत दुसऱ्याच हिवाळ्यात अशा बांधावर दर चौरस मीटरला हजाराहून अधिक परभक्षी कीटक आणि कोळी आढळले. हे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. या बांधाचा दुहेरी लाभ असा, की त्यावरील गवतात पार्ट्रिजलाही घरट्यासाठी आडोसा मिळतो.

महाविद्यालयात काय शिकवले जाते?

पार्ट्रिजच्या व्यवस्थापनाला तिपाईची उपमा दिली जाते. घरट्यासाठी आडोसा, पिलांसाठी कीटकसमृद्ध जागा आणि अंडी उबवण्याच्या काळात परभक्ष्यांवर नियंत्रण हे तिचे तीन पाय. त्यांपैकी एक जरी मोडला तरी उरलेल्या दोहोंवर ती उभी राहत नाही. या तिन्ही अंगांचा विचार प्रशिक्षणात येतो.

शालान्त परीक्षेनंतरचा तिसऱ्या स्तराचा अभ्यासक्रम साधारणपणे दोन वर्षांचा असतो. दुसऱ्या स्तराचा त्याहून लहान. परिसंस्थाशास्त्र, वनस्पती व पक्षी यांची ओळख, जिवंत वई विणणे, कुंपण घालणे, झाडोऱ्याची छाटणी, ट्रॅक्टर चालवणे, हरणांचे व्यवस्थापन, बंदुकीची सुरक्षितता आणि वन्यजीवविषयक कायदे असे विषय त्यात असतात. इस्टेटीवर प्रत्यक्ष काम करणे हा शिक्षणाचा भाग आहे. याशिवाय नोकरी करता करता शिकण्यासाठी सहायक गेमकीपरची उमेदवारीही उपलब्ध आहे. ग्रामीण परिसर व्यवस्थापन शिकलेले विद्यार्थी राखीव क्षेत्रांवर रक्षक म्हणून, स्थानिक संस्थांच्या उद्यानांत किंवा संवर्धन संस्थांमध्ये काम करतात.

कामाला ऋतुचक्राची शिस्त असते. मार्चच्या आसपास पार्ट्रिजच्या जोड्या मोजल्या जातात आणि कापणीनंतर धसकटांत पिलांसह थवे मोजले जातात. शरद ऋतूतील मोजणीत प्रौढ पक्ष्यांच्या तुलनेत तरुण पक्षी किती आहेत, यावरून त्या वर्षीच्या व्यवस्थापनाचा निकाल कळतो. अशी मोजणी करून कळवणाऱ्यांची ब्रिटनमधील योजना १९३३ पासून चालत आली आहे. इंग्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात शेतावरील वई छाटण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, कारण तो पक्ष्यांच्या विणीचा काळ होय.

फवारणीबाबतचा नियम विशेष उल्लेखनीय आहे. व्यावसायिक वापराची कीडनाशके फवारण्यासाठी तेथे प्रमाणपत्र लागते. जुन्या, अनुभवी शेतकऱ्यांना यातून असलेली सूटही २०१५ मध्ये संपुष्टात आली. ज्याच्या हाती पंप त्याच्याकडे परीक्षेचा दाखला, हे तत्त्व सर्वांना लागू झाले.

वादाची बाजू

या व्यवसायाविषयी ब्रिटनमध्ये एकमत नाही. शिकारी पक्ष्यांना बेकायदा मारण्याच्या घटना आजही उघडकीस येतात. शिकारीसाठी दरवर्षी कोट्यवधी फेझंट पाळून सोडले जातात. त्याचा स्थानिक वनस्पती, कीटक आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर काय परिणाम होतो, हा संशोधनाचा आणि वादाचा विषय आहे. प्राण्यांना पकडणाऱ्या फासांवर वेल्सने २०२३ मध्ये आणि स्कॉटलंडने २०२४ मध्ये बंदी घातली. स्कॉटलंडच्या २०२४ च्या कायद्याने ग्राऊसच्या शिकारीसाठी परवाना आवश्यक केला आणि काही सापळ्यांच्या वापरासाठी व माळरान जाळण्यासाठी प्रशिक्षणाची अट आणली.

म्हणजे ज्या कामाची समाजाला धास्ती वाटते, त्या कामासाठी कायदा प्रशिक्षणाची मागणी करू लागला आहे. त्याच वेळी प्रशिक्षण देणाऱ्या संस्था मात्र आर्थिक अडचणींतून सुटलेल्या नाहीत. उत्तर इंग्लंडमधील पेनरिथजवळचे न्यूटन रिग हे जुने महाविद्यालय २०२१ मध्ये बंद झाले. डोंगराळ भागातील तरुणांना त्यामुळे दूरच्या महाविद्यालयाची वाट धरावी लागते. ज्ञान उपलब्ध असूनही ते हस्तांतरित करणारी जागाच नाहीशी होण्याचा हा धोका कोणत्याही देशाच्या विस्तार यंत्रणेने ध्यानात घेण्यासारखा आहे.

भारतीय संदर्भ

शिकारीचा भाग वगळला, तरी या शिक्षणातील तीन गोष्टी भारतातील विस्तार कार्यासाठी उपयुक्त आहेत.

पहिली गोष्ट बांधाविषयी. तितराची पिलेही आरंभी कीटकांवरच वाढतात. पिकांतील लेडीबर्ड भुंगेरे, कोळी आणि परोपजीवी गांधीलमाश्या यांनाही पीक नसलेल्या काळात बांधावरील गवत आणि फुलझाडांचा आसरा लागतो. मजुरी वाचवण्यासाठी बांधावर तणनाशक फवारण्याची पद्धत वाढली आहे. ग्लायफोसेटचा वापर केंद्र शासनाने २०२२ मध्ये परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला, तो मानव व प्राण्यांच्या आरोग्याच्या धोक्याच्या कारणाने. ससेक्सचा अनुभव त्यात आणखी एका कारणाची भर घालतो. उपद्रवी किंवा बी पसरवणारे तण फुलोऱ्यापूर्वी कापावे आणि उर्वरित गवत राखावे, हा मध्यममार्ग लहान धारणक्षेत्रातही शक्य आहे. एकाच वेळी सर्व बांध न कापता आलटून-पालटून कापल्यास कीटकांना स्थलांतराला जागा मिळते.

दुसरी गोष्ट मोजणीची. पीक संरक्षणाच्या प्रशिक्षणात आर्थिक नुकसानीची पातळी ठरवण्यासाठी किडी मोजायला शिकवले जाते. त्याच फेरीत मित्रकीटक आणि बांधावर दिसणारे तितरांचे थवे यांचीही नोंद ठेवता येईल. यासाठी महागडे साधन लागत नाही. एकच ठिकाण, एकच कालावधी आणि दरवर्षी तीच पद्धत, एवढे पुरे. ससेक्सच्या नोंदींचे मोल यंत्रात नसून सातत्यात आहे.

तिसरी गोष्ट प्रशिक्षणाची. हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ मध्ये कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी सुरू केलेला ‘देसी’ हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम दुकानदाराला शेतकऱ्याचा सल्लागार बनवण्याच्या उद्देशाने आखला गेला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू केला. एकाचा भर निविष्ठांवर, तर दुसऱ्याचा पर्यावरणाशी निगडित रोजगारावर आहे. बांध, गवताळ पडीक आणि ओढ्याकाठची झाडी या दोहोंच्या मधल्या जागा आहेत. कृषी विद्यालयांतील तरुणांना आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रशिक्षणार्थींना या जागांची निगा हे कौशल्य म्हणून शिकवल्यास ही पोकळी भरून निघेल. त्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. फवारणीच्या प्रात्यक्षिकात शेताच्या कडेला नोझल कोठे बंद करायचे, हे दाखवण्यापासून आरंभ करता येईल.