संगणकीय हिशेबपत्रकाचा पडद्यावरील आकार व कागदावरील छपाई

दूध उत्पादक सहकारी संस्थेचा दहा दिवसांचा हिशेब आता बहुतेक ठिकाणी संगणकावर तयार होतो. सभासदाचे नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, एकूण रक्कम, पशुखाद्याची कपात, उचल व देय रक्कम इतके स्तंभ एका ओळीत येतात. असे पत्रक छापले असता पुष्कळदा शेवटचे दोन स्तंभ दुसऱ्या कागदावर जातात. सभासदाचे नाव एका कागदावर व त्याची देय रक्कम दुसऱ्यावर, अशा स्थितीत फलकावर लावलेला हिशेब कोणासही पडताळून पाहता येत नाही. कपात योग्य झाली किंवा नाही, हे सभासदास स्वतः पाहता यावे, यासाठी छपाई व्यवस्थित होणे अगत्याचे आहे.

दोन प्रकारचे झूम

एक्सेलमध्ये झूम दोन प्रकारचे असते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पहिले पडद्यावरील झूम होय. ते केवळ पाहणाऱ्याच्या सोयीचे असून छपाईवर त्याचा परिणाम होत नाही. दुसरे छपाईचे झूम होय. कागदावरील अक्षराचा आकार त्यावर अवलंबून असतो. दोन्हींची मर्यादा 10 ते 400 टक्के आहे.

प्रत्येक हिशेबाच्या वेळी या गोष्टी हाताने ठरविण्याऐवजी मॅक्रो लिहून ठेवावा. मॅक्रो म्हणजे संगणकास क्रमाने दिलेल्या आज्ञांची यादी. आज्ञा रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. मॅक्रो रेकॉर्डर सुरू करून ही कामे एकदा हाताने केल्यास आज्ञांचे अचूक लेखन आपोआप मिळते. नंतर त्यांतील अनावश्यक ओळी काढून टाकाव्यात.

आज्ञा व त्यांचे कार्य

1. ॲक्टिव्हविंडो.झूम = 120 : पडद्यावरील अक्षर मोठे होते. ही आज्ञा समोर उघडलेल्या पत्रकालाच लागू पडते. म्हणून अनेक पत्रके असल्यास प्रत्येक पत्रक आधी समोर आणावे.

2. पेजसेटअप.ओरिएंटेशन = एक्सएल-लँडस्केप : कागद आडवा धरला जातो.

3. पेजसेटअप.झूम = फॉल्स : छपाईचे ठरावीक टक्के रद्द होतात. ही ओळ विसरल्यास पुढील दोन आज्ञांचा काहीही उपयोग होत नाही.

4. पेजसेटअप.फिटटूपेजेसवाइड = 1 : सर्व स्तंभ एका कागदाच्या रुंदीत बसतात.

5. पेजसेटअप.फिटटूपेजेसटॉल = फॉल्स : लांबीच्या बाजूने लागतील तितके कागद घेतले जातात.

6. पेजसेटअप.प्रिंटटायटलरोज = "$1:$2" : मथळ्याच्या पहिल्या दोन ओळी प्रत्येक कागदावर छापल्या जातात.

समास देताना विशेष काळजी घ्यावी. मॅक्रोमध्ये समास पॉइंटात मोजला जातो व 72 पॉइंट म्हणजे एक इंच होय. दीड सेंटिमीटर समासासाठी नुसते 1.5 लिहिल्यास समास जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो. यास्तव ॲप्लिकेशन.सेंटिमीटर्सटूपॉइंट्स(1.5) असे लिहावे.

अक्षर किती लहान होईल?

समजा, पत्रकाची रुंदी 35 सेंटिमीटर आहे. ए-4 कागद 21 सेंटिमीटर रुंद व 29.7 सेंटिमीटर लांब असतो. दोन्ही बाजूंस दीड सेंटिमीटर समास सोडल्यास उभ्या कागदावर 18 सेंटिमीटर जागा उरते आणि पत्रक सुमारे 51 टक्के होते. 10 पॉइंटांचे अक्षर मग 5 पॉइंटांचे होईल. ते वृद्ध सभासदास वाचता येणार नाही. आडव्या कागदावर 26.7 सेंटिमीटर जागा मिळते, पत्रक सुमारे 76 टक्के होते व अक्षर साडेसात पॉइंटांचे राहते. त्याहून मोठे हवे असल्यास अनावश्यक स्तंभ छपाईपुरते झाकून ठेवावेत.

पाचव्या आज्ञेत फॉल्सऐवजी 1 लिहिणे ही नेहमी घडणारी चूक आहे. त्यामुळे दोनशे सभासदांची यादी एकाच कागदावर कोंबली जाते. प्रत्येक ओळ 15 पॉइंट उंच धरली तरी त्या यादीची लांबी सुमारे 106 सेंटिमीटर भरते. आडव्या कागदाच्या 18 सेंटिमीटरांत ती बसविण्यासाठी आकार 17 टक्क्यांवर येतो आणि कागदावर केवळ रेघा दिसतात.

घ्यावयाची खबरदारी

मॅक्रो चालविण्यापूर्वी मूळ पत्रकाची प्रत काढून ठेवावी; मॅक्रोने केलेला बदल 'अनडू'ने सहसा परत फिरत नाही. फाइल मॅक्रोसह साठविण्याच्या प्रकारातच साठवावी, अन्यथा लिहिलेल्या आज्ञा नाहीशा होतात. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलमधील मॅक्रो चालू करू नयेत. छपाईचे पूर्वदृश्य पाहून प्रथम एकच कागद छापावा व तो फलकावर लावून हातभर अंतरावरून वाचून पाहावा. नाव व देय रक्कम एका ओळीत स्पष्ट वाचता आल्यावरच उरलेले कागद छापावेत. असे केल्याने कागदाची बचत होईल व सभासदास आपला हिशेब आपल्या डोळ्यांनी तपासता येईल.