रात्री नऊचे फिरते चक्र

हातकणंगल्यास सकाळी विनाखंड दिसणारा चित्रपट रात्री नऊला अडखळतो, पडद्यावर चक्र फिरू लागते आणि गृहस्थ नवा राउटर आणावयास निघतो. ही घाई आम्हांस मान्य नाही. एकाच केबलवर साऱ्या गल्लीची मागणी एकदम आली, की प्रत्येकाचा वाटा घटणारच. एक नकाशा आणि चाळीस मुले, असा वर्ग आम्ही पाहिला आहे! मार्च २०२० च्या टाळेबंदीत असाच भार वाढताच देशातील चित्रसेवांनी मोबाइलवरील चित्र ४८० पीपर्यंत उतरविले होते. तेव्हा संगणक थेट तारेने जोडून सकाळी व रात्री वेग मोजावा. तारेवर रात्रीही वेग टिकला, तर दोष घरातील वाय-फायचा. तारेवरही घसरला, तर राउटर बदलून काय होणार? आठवडाभराची टिपणे सेवा देणाऱ्यापुढे ठेवून पूर्ण दराचा जाब विचारावा.