चाळीस मायक्रॉन

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर रात्री मोबाइलचा टॉर्च धरून बघा. उजेडाच्या ठिपक्याभोवती बारीक बारीक वर्तुळं दिसतात, कोळ्याने जाळं विणावं तशी. टॉर्च हलवला की जाळंही त्याच्याबरोबर सरकतं. पुसणाऱ्याने गोल गोल हात फिरवला म्हणून ही वर्तुळं उमटली, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात चरे सगळ्या दिशांना पडलेले असतात आणि त्यातले बहुतेक सरळच असतात. उजेडाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. आणि हे चरे काही हायवेवर पडत नाहीत. ते पार्किंगमध्ये, रोज सकाळी, गाडी स्वच्छ करताना पडतात.

पत्र्यावरचा रंग म्हणजे एकावर एक दिलेले थर. तळाला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. चारही मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअरकोट ४० ते ५०. डोक्यावरच्या केसापेक्षाही तो बहुधा पातळच. गाडीची तकाकी म्हणजे हा थर, आणि उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात. जुन्या प्रीमियर पद्मिनीला किंवा अॅम्बॅसडरला तो नसायचा. म्हणून तेव्हा पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा. आज फडकं पांढरंच राहतं आणि आपण काही खरवडतो आहोत हे कळतही नाही.

आमच्या भागात बारा महिने बांधकाम चालू असतं. पार्किंगमधल्या गाड्यांवर रात्रीतून बसते ती नुसती माती नव्हे. त्यात सिमेंट असतं, दगड फोडून केलेल्या वाळूची भुकटी असते. क्लिअरकोटपेक्षा हे सगळं कितीतरी कठीण. त्यावरून कोरडं फडकं फिरवलं की प्रत्येक कण आपली रेघ ओढत जातो. सोसायटीत गाड्या पुसायला येणाऱ्या मामांना मी म्हटलं, “मामा, रोज पुसू नका. आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी मारून धुवा, पैसे तेवढेच देईन.” मामा म्हणाले, “रोज पुसली नाही तर लोक म्हणतात, मामा आलेच नाहीत.” त्यांचं बरोबर होतं. एक बादली, एक फडकं आणि उजाडायच्या आत उरकायच्या ओळीने गाड्या. चरे पडतात ते या व्यवस्थेमुळे, आणि ती आपणच लावून दिलेली आहे. माझ्या गाडीसाठी मी त्यांना वेगळे मायक्रोफायबर दिले. आता धुण्याआधी ते पाण्याची नळी धरतात.

सगळी गंमत त्या पहिल्या पाण्यात आहे. हात लावण्याआधी जेवढी धूळ वाहून जाईल तेवढे चरे वाचले. मग दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा फेसात बुडवायचा, पत्र्याचा एक भाग सरळ रेषेत पुसायचा, साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच परत फेसात. टपापासून सुरुवात, दारांच्या खालच्या कडा शेवटी, कारण सगळी रेती तिथे असते. चाकांचं फडकं निराळं. भांड्यांचा साबण नको; तो तेलकटपणा काढण्यासाठीच असतो, त्यामुळे आधीचं मेणही घेऊन जातो. आणि गाडी सावलीत, पत्रा गार. ऊन लागलेल्या बॉनेटवर बोअरचं पाणी वाळलं की क्षारांची पांढरी कडी उरतात. ताजी असतील तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात, मुरली की पॉलिशशिवाय गत्यंतर नाही.

वर्षातून एकदा मात्र मी याहून खोलात शिरतो. गणपतीला ताम्हिणीतून कोकणात जाऊन आलं, पाऊस ओसरला, की दसऱ्याच्या आधीचा मोकळा दिवस त्यासाठी. धुतलेली गाडी दिसायला स्वच्छ असते, पण भाजीची पातळ पिशवी हातात घालून दारावरून हलकेच बोटं फिरवली की खरखर लागते. पिशवीमुळे ती उघड्या हातापेक्षा जास्त जाणवते. चाकांमागच्या भागात ती सर्वांत जास्त असते, कारण ब्रेक लागताना डिस्कचे लोखंडी कण उडून तिथे रुततात आणि पावसात गंजतात. त्यावर लोखंड काढणारं द्रावण फवारलं की मिनिटाभरात पांढऱ्या दारावरसुद्धा जांभळे ओघळ उतरू लागतात. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी जुळतं, त्याचा हा रंग. पार्लरमध्ये केस कुरळे करायलाही हेच वापरतात. वासही तसाच, नाक मुरडायला लावणारा. ओघळ वाळू न देता धुवायचे.

उरलेली खरखर क्लेने निघते. मळलेल्या कणकेच्या गोळीएवढा तुकडा चपटा करायचा, पत्र्यावर शाम्पूचं पाणी भरपूर फवारायचं आणि तुकडा जवळजवळ वजन न देता पुढे-मागे सरकवायचा. सुरुवातीला बारीक आवाज येतो, बोटांना अडखळल्यासारखं होतं. चार-सहा हात फिरले की आवाज थांबतो आणि तुकडा घसरू लागतो. उलटून पाहिलं तर त्यावर तपकिरी ठिपके. घडी घालून कोरी बाजू वर आणायची आणि पुढचा भाग घ्यायचा. तुकडा जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा, कितीही महाग असला तरी. त्याला चिकटलेला एक खडा सगळ्या बॉनेटवर लिहीत जाईल.

यानंतर पॉलिश, आणि इथे हात आखडता घ्यावा असं माझं मत आहे. पॉलिश म्हणजे चरे भरणं नव्हे, चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअरकोट त्याच्या तळापर्यंत उतरवणं. हलक्या पॉलिशला एखाद-दोन मायक्रॉन जातात, गॅरेजमधल्या रबिंगला त्याहून बरेच जास्त. गेलेला थर परत येत नाही. नखाला लागणारा चरा घरी काढायच्या भानगडीत पडू नये. कडा आणि कंगोरे यांवर थर आधीच पातळ असतो, तिथे मशीन नेऊच नये. मी फोमच्या पॅडने, हाताने, जिथे नजरेला खुपतं तेवढंच करतो.

मग संरक्षण. माझी पसंती कार्नोबा मेणाला. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर हे मेण धरतं. ते ८० अंशांच्याही वर वितळतं, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात घाम फोडणाऱ्या उन्हालाही बऱ्यापैकी तोंड देतं. टिकतं महिना-दोन महिने. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त. सिरॅमिक कोटिंग वर्षानुवर्षं, पण ‘नाइन एच’ ऐकून हुरळू नये: ती पेन्सिलच्या टोकाच्या कठीणपणाची मोजणी आहे, हिऱ्यामाणकांची नव्हे. वाळूचा कण त्यावरही रेघ ओढतोच. कोटिंगखाली चरे राहिले तर तेही जपले जातात. मेण किंवा कोटिंग लावल्यावर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात, ते बघायला सुरेख वाटतं. पण बोअरच्या पाण्याचा असा प्रत्येक थेंब वाळून एक कडं सोडतो. म्हणून मोठा टॉवेल पत्र्यावर अंथरायचा, ओढून घ्यायचा, घासायचा नाही.

मेणाचा खरा उपयोग वेळ मिळवून देण्यात आहे. पक्ष्याच्या विष्ठेतलं आम्ल तापलेल्या टपावर काही तासांत डाग पाडतं. मेण असलं तर ओला टिशू दहा मिनिटं वर ठेवून उचलून घ्यायची सवड मिळते. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली लावलेल्या गाडीवर चिकटा पडतो. तो झाडाचा चीक नसून तुडतुड्यांनी सोडलेला गोड रस असतो. काही दिवस तसाच राहिला की त्यावर काळी बुरशी धरते. कोमट पाण्याने तो विरघळतो, खरवडू नये.

आणि दसरा. हळद-कुंकू कोरडं न लावता पाण्यात कालवून बोटाने स्वस्तिक काढावं, म्हणजे बॉनेटवर भुकटी रगडली जात नाही. झेंडूचा हार पत्र्यावर न सोडता जाळीला बांधावा. चालत्या गाडीत वाऱ्याने तो सारखा घासत राहतो, आणि तारेत ओवलेला असेल तर तार चरे पाडते. संध्याकाळी घरी आलो की हार उतरवायचा, ओल्या पाकळ्या झाडायच्या आणि स्वस्तिकावर पाणी सोडायचं. कुंकू त्याच दिवशी निघालं पाहिजे. हळदीचा पिवळेपणा थोडा राहिलाच तर त्यावर हात चालवू नये. ऊन लागलं की तो काही दिवसांत आपोआप उडतो.